जगनचा स्विंग आणि उतरवलेला पंखा

श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात जगनने हॉलमधला पंखा उतरवला, तेव्हा भामाला वाटलं, साफसफाईला काढला असेल. गणपती जवळ आले होते. पाती धुऊन झाली, मोटर फडक्यात गुंडाळून कपाटावर गेली, तरी पंखा काही पुन्हा वर चढेना. दोन दिवस घामाने निथळल्यावर तिने विचारलं, “पंखा कवा लावनार?”

“सोमवार झाल्यावर,” जगन म्हणाला. कुठला सोमवार ते मात्र त्याने सांगितलं नाही.

सांगणार तरी कुठल्या तोंडाने? पंखा उतरवायचं कारण दाराआड भिंतीला टेकून उभं होतं. एका डॉक्टरसाहेबांनी नवा संच घेतला तेव्हा जुन्यातली ही सात नंबरची काठी जगनला देऊन टाकली होती. ती मागे उचलली की तिचं लोखंडी डोकं पंख्याच्या पात्याला लागायचं. आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा जगन, विचुंबे गावातल्या आपल्या बैठ्या घरात, बायकोची नजर चुकवून गोल्फचा स्विंग शिकत होता.

यात लपवण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. तर जगन कोण ते आधी सांगायला हवं. त्याच्या बापाचं आयुष्य मिठागरात गेलं. पुढे मिठागर भरावाखाली गेलं, आणि जगन डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागला. साहेबाची काठ्यांची बॅग खांद्यावर घ्यायची, मैलोनमैल त्याच्या मागे चालायचं, मागेल ती काठी हातात द्यायची आणि त्याने झाडीत घालवलेला बॉल हुडकून आणायचा, हे काम त्याने एकोणीस वर्षं केलं होतं. त्यात त्याची नजर अशी तयार झाली की साहेबाने काठी नुसती वर नेली तरी बॉल कुठल्या झुडपात पडणार ते जगनला कळायचं, आणि बॉल हवेत असतानाच त्याचे पाय तिकडे वळायचे. मोठमोठे लोक त्याला विचारायचे, “जगन, आज काय बिघडलंय रे?” जगन फार बोलायचा नाही. “डोकं वर येतंय, साहेब.” बस, एवढंच. साहेबाचा पुढचा बॉल सरळ जायचा आणि साहेब खूश व्हायचा.

असा हा जगन स्वतः मात्र खेळायचा नाही. सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं, तेव्हा कॅडी लोक दोन-चार बॉल मारून घ्यायचे. जगनचा खांदा नेमका सोमवारी दुखायचा. सुरुवातीच्या वर्षात त्याने मारून पाहिलं होतं. काठी बॉलच्या आधी जमिनीत घुसली होती आणि मातीचं ढेकूळ बॉलच्या पुढे जाऊन पडलं होतं. लोक हसले होते. त्यानंतर खांदा दुखायला लागला तो एकोणीस वर्षं दुखतच राहिला.

आणि या जूनमध्ये मैदानावर बॅटरीवरच्या गाड्या आल्या. साहेब गाडीत, बॅग गाडीत. पावसाळा संपला की निम्मे कॅडी कमी होणार, हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वेळी मैदानाच्या कोच अरुंधती मॅडमनी नवशिक्यांना शिकवायला दोन मदतनीस नेमायचं ठरवलं, तेही कॅडींमधूनच. “जगन, तुमचं नाव मी न विचारताच घातलंय,” त्या म्हणाल्या. परीक्षा होती गणपतीच्या आधीच्या सोमवारी. सात नंबरने दहा बॉल मारायचे, दोन निशाणांच्या मधून गेले पाहिजेत; मग एका नवख्या माणसाला पाच मिनिटं शिकवायचं. दहातले सहा तरी जावे लागतील, अशी बातमी आनंदा घेऊन आला होता. आनंदा हा जगनच्या बरोबरीचा कॅडी, आणि परीक्षेला बसलेल्या चौघांतला एक. तो बातमी कुठून आणायचा देव जाणे, पण आजवर त्याची बातमी खोटी ठरली नव्हती.

शिकवायची जगनला धास्ती नव्हती. तोंडाने त्याने शंभर जण सरळ केले होते. धास्ती होती त्या दहा बॉलची. तिथे खांदा दुखून चालणार नव्हतं.

नाही जमलं तर काय, हेही त्याला स्पष्ट दिसत होतं. कामोठ्याला एका बिल्डिंगच्या गेटवर त्याचा चुलतभाऊ बाळू बसायचा, बारा तास, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर. बाळूने परवाच निरोप धाडला होता, रात्रपाळीची जागा रिकामी होतेय, सांगून ठेवू का? जगनला ती खुर्ची जेवताना दिसायची, आंघोळ करताना दिसायची. पन्नाशीच्या उंबऱ्यावर माणूस चालायचा थांबला की त्याचं काय होतं, हे त्याने मिठागर गेल्यावर बापाचं पाहिलं होतं. बाप ओट्यावर बसला आणि दोन वर्षांत संपला.

म्हणून रोज दुपारी दोनला मैदानावरून आला की जगन दार लावून घ्यायचा. हॉलच्या छताला पाळण्याच्या दोन कड्या होत्या, त्यांना त्याने बापाचं मासे धरायचं जुनं पागाचं जाळं टांगलं. खाली गोणपाट. गोणपाटावर बॉल. काठी मागे न्यायची, श्वास धरायचा आणि मारायचं.

ठक्.

आधी फरशी, मग बॉल. दर वेळी. तिसऱ्या दिवशी फरशीला तडा गेला, तेव्हा भामा स्वयंपाकघरातून बाहेर आली. लटकलेलं जाळं, काठी, घामाने चिंब झालेला नवरा आणि फुटलेली फरशी, हे सगळं तिने एका नजरेत पाहिलं.

“हे चाललंय व्हय पंखा काढून!”

मग जगनला सगळं सांगावंच लागलं. गाड्या, परीक्षा, बाळूचा निरोप. भामाने आतून एक जुनी गोधडी आणून गोणपाटाखाली अंथरली. “फरशी गेली तर गेली, मनगट सांभाळा,” म्हणाली, आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसली.

पण हॉल काही एकट्या जगनचा नव्हता. चारला पोरी यायच्या. गौरीच्या दिवसांत विचुंब्यात बायकांचा नाच होतो, आणि गेली बावीस वर्षं पोरींना तो नाच भामा शिकवत आली होती. यंदा अकरा जणी होत्या. तीन-चार गावातल्या, बाकी नव्या टॉवरमधल्या, ज्यांना गौरीचा नाच मोबाईलवर पाहूनच ठाऊक. चारचे टोले पडले की जगनने जाळं गुंडाळून उंबऱ्यावर बसायचं, आणि भामाने पदर खोचून देव्हाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पोरी तिच्या मागे.

टॉवरमधली अंकिता नवीनच होती, तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “काकी, तुम्ही आमच्याकडे बघून का नाही शिकवत? आमचं चुकलं तर तुम्हाला कसं कळणार?”

“तुज्याकडं तोंड केलं तर माजा उजवा हात तुला डावा दिसंल, बाय,” भामा मागे न वळता म्हणाली. “मग तू उलटंच शिकशील. नाच पाठीमागूनच घ्यावा लागतो. आनि चुकलं ते मना पायाच्या आवाजानं कळतं. आता चुकला तो तुजाच पाय.”

पोरी खिदळल्या. जगन उंबऱ्यावर बसून हे ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात दहा बॉल होते. त्याने ऐकलं आणि सोडून दिलं.

दिवस सरत होते. जगन साहेबांना सांगायचा ते सगळं स्वतःलाच सांगून पाहत होता. डोकं खाली. डावा हात सरळ. काठीची मूठ तर त्याला डोळे मिटून ठाऊक. सगळं बरोबर, आणि ठक्. त्याचं जेवण कमी झालं. मैदानावर साहेबांनी विचारलं, “काय बिघडलंय रे?” की त्याला वाटायचं, यांना कळलं की काय! एकदा तर चक्क चुकीची काठी हातात दिली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. गाडीवाला ड्रायव्हर हसला, आणि ते हसू जगनने घरापर्यंत वागवलं.

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा त्याने भामाच्या हातात मोबाईल दिला. “व्हिडिओ काढ. मना बघायचंय काय होतंय.”

भामा समोर उभी राहिली. जगनने मारलं. ठक्. पुन्हा मारलं. ठक्. तिसऱ्यांदा भामाने मोबाईल खालीच केला.

“तुमी उजव्या पायावर पडताव.”

“काय?”

“मारून झाल्यावर. सगला भार उजव्या पायावर. मी चुलीजवळून आठ दिस आइकतंय. आधी काठीचा आवाज, मग उजव्या टाचेचा. बॉल तर डावीकडं चाललाय, मग मानूस उजवीकडं कशाला पडतो?”

जगन भडकला. गोल्फमधलं तुला काय कळतं, साहेब लोक लाखो रुपये घालून शिकतात, मी एकोणीस वर्षं समोर उभा राहून बघतोय, असं बरंच काही बोलला. घाबरलेला माणूस बोलतो तसंच ते होतं. भामाने बोलू दिलं. मग तिने एकच विचारलं.

“समोर म्हंजे? तुमचं तोंड त्यांच्याकडं?”

“मग? कॅडीनं मागं उभं राहायचं नसतं. साहेबाच्या छातीसमोर, लांब, गुमान...”

बोलता बोलता तो थांबला.

साहेब डावीकडे भार टाकायचा, तो जगनला आपल्या उजवीकडे दिसायचा. रोज, दिवसातून शंभर वेळा, एकोणीस वर्षं. हातांचं त्याला ठाऊक होतं, कारण काठी तोच द्यायचा. पण अंगाने मात्र डोळ्यांचं ऐकलं होतं. जिथे साहेब जाताना दिसला, तिकडेच जगनचं अंग जात होतं. एवढा पारखी माणूस, आणि त्याने सगळा खेळ आरशातला शिकून ठेवला होता.

तो गोधडीवर मटकन बसला. चूक सापडली याचा आनंद नव्हता, उलट भीती दुप्पट झाली. एकोणीस वर्षांचं अंगात मुरलेलं तीन दिवसांत कसं निघणार, असं तो पुटपुटला.

“निघंल,” भामा म्हणाली. “कसं करायचं ते मना सांगा. सावकाश.”

जगनने बसल्या बसल्या सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं. मग मोबाईल बाजूला ठेवून जळमटं काढायचा लांब दांडा घेतला, पदर खोचला, आणि जगनकडे पाठ करून देव्हाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“या मागं. माज्या पाठीकडं बगा, दुसरीकडं नाय. एक.”

दांडा मागे गेला.

“दोन.”

दांडा खाली आला, आणि भामाची कंबर डावीकडे वळली, उजवी टाच आपसूक उचलली गेली. बावीस वर्षं नाचवलेलं अंग ते. त्याला एकदा सांगितलं की कळायचं.

जगनला आधी लाज वाटली. खिडकी लावून घेतली. पंखा नाही, खिडकी बंद, भाद्रपदाच्या तोंडावरचा तो उकाडा, आणि दोघं नवरा-बायको एकामागे एक उभे राहून काठ्या फिरवताहेत. पण संध्याकाळपर्यंत, साठ-सत्तर वेळा झाल्यावर, एक बॉल फरशीला न लागता जाळ्यात शिरला. आवाज वेगळाच आला, हलका, कोरडा. भामा मागे न बघता म्हणाली, “ह्यो बरोबर.”

शनिवारी दहातले तीन बरोबर जायचे. रविवारी पाच. सहा एकदाही नाही.

सोमवारी सकाळी मैदानावर धुकं होतं. चौघे उमेदवार: आनंदा, भगवान, निकेश आणि जगन. बाकीचे कॅडी बघायला जमले होतेच. भगवानचे सात गेले, आनंदाचे सहा, निकेशचे चार. जगनचं नाव पुकारलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “खांदा बरा हाय ना, दादा?” आणि सगळे हसले.

मारणाऱ्याची बॅग दुसऱ्या उमेदवाराने धरायची, असं ठरलं होतं. आनंदाने जगनची बॅग धरली आणि कॅडीच्या शिस्तीप्रमाणे छातीसमोर, लांब, गुमान उभा राहिला. जगनने काठी उचलली. समोर आनंदाचं तोंड. ठक्. मातीचं ढेकूळ उडालं. दुसरा बॉलही तसाच. तिसरा निशाणाबाहेर झाडीत. जगनच्या डोळ्यांपुढे ती लाल खुर्ची आली, चार पायांची, बसायला तयार.

त्याने काठी खाली केली. “आनंदा,” तो म्हणाला, “इकडं पुढं ये, जिथं मना दिसशील तिथं. आनि पाठ कर.”

“आँ?”

“पाठ कर माज्याकडं.”

आनंदाने अरुंधती मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. आनंदा चार पावलं अलीकडे आला, बॉलच्या पलीकडे पाठ करून उभा राहिला. रुंद पाठ, घामेजलेला निळा शर्ट. भामाच्या पाठीशी तिचं काही साम्य नव्हतं, पण पाठ ती पाठ. जगनने मनात म्हटलं, एक. दोन. बॉल दोन निशाणांच्या मधोमध गेला. पुढचाही. मग एक चुकला. मग सलग तीन गेले. दहावा वाऱ्याने जरासा वळला आणि उजव्या निशाणाच्या हातभर बाहेर पडला.

पाच.

आनंदाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सहा ही त्यानेच आणलेली बातमी होती.

मग शिकवणं. कॅन्टीनमधली शमा, जिने काठी कधी हातात धरली नव्हती, तिला चौघांनी आळीपाळीने शिकवायचं होतं. तिघांनी तिच्या समोर उभं राहून शिकवलं. जगनची पाळी आली तेव्हा त्याच्यात बोलायचंही बळ नव्हतं. तो तिच्या पुढे जाऊन पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या पाठीकडे बघ. एक.” पाच मिनिटं तो वळला नाही. तिची टाच चुकीची पडली की तो न बघता सांगायचा, “पुन्हा.” अरुंधती मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. “संध्याकाळी फोन करते,” एवढंच सगळ्यांना म्हणाल्या.

जगन घरी आला तेव्हा चार वाजून गेले होते. पोरी आल्या होत्या, नाच सुरू होता. तो चपला काढून उंबऱ्यावर बसला. भामा देव्हाऱ्याकडे तोंड करून नाचत होती, मागे दोन रांगांत अकरा पोरी. तिला तो आल्याचं चपलांच्या आवाजावरून कळलं असणार.

“किती?” तिने न वळता विचारलं, पाय न थांबवता.

“पाच.”

पाय चालू राहिले. जगन तिच्या पाठीकडे पाहत बसला. पंखा नसल्याने ब्लाउज मानेपासून कमरेपर्यंत भिजला होता. पंधरा दिवस ही बाई अशी घामात भाकऱ्या करत होती, घामात नाचत होती, आणि पंख्याचा तिने पुन्हा विषयही काढला नव्हता. पाचच गेले, याचं वाईट आता त्याला स्वतःसाठी वाटत नव्हतं. बाळूला फोन करून हो म्हणून टाकावं, असं ठरवून त्याने खिशातून मोबाईल काढला, आणि तो हातातच वाजला.

“जगन, दोघं ठरले, भगवान आणि तुम्ही,” अरुंधती मॅडम म्हणाल्या. “गणपतीनंतर या. सरळ जाणारे बॉल वाढतील हो तुमचे. पण शमाला पाठ करून का शिकवलंत, ते मला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगायचं. कुठे शिकलात हे?”

“घरी,” जगन कसाबसा म्हणाला.

त्याने फोन ठेवला. उठून उभा राहिला. अकरा वेण्यांच्या पलीकडे भामाची पाठ हलत होती.

“भामा,” तो म्हणाला, “मना घेतला.”

भामा वळली नाही. तिचं मोजणंही थांबलं नाही. फक्त बावीस वर्षांत न चुकलेला तिचा उजवा पाय हवेतच राहिला आणि ताल सोडून, भलत्याच वेळी खाली पडला. आणि तिच्या पाठीवर नजर ठेवून नाचणाऱ्या अकराच्या अकरा पोरींनी, अगदी मन लावून, तस्साच चुकवला.